टाळी म्हणे एका हाताने वाजत नाही!

बलात्काराची बातमी गावात आली की पहिला प्रश्न कोणाबद्दल विचारला जातो, हे एकदा कान देऊन ऐका. वडगावच्या स्टेशनावर लोकलची वाट पाहणाऱ्या घोळक्यात ऐका, कामशेतच्या बाजारात ऐका, तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐका, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतही ऐका. कोण होती ती? कुणाची? एवढ्या उशिरा तिथे काय करत होती? बरोबर कोण होतं? कपडे कसले होते? आधीपासून ओळख होती म्हणे! ओरडली का नाही? प्रश्नांची फैर झडते आणि सगळ्या गोळ्या एकाच दिशेने जातात. ज्याने गुन्हा केला तो एवढ्या रात्री तिथे काय करत होता, हे कुणी विचारत नाही. त्याच्या आईबापांनी त्याला काय शिकवलं, हे विचारत नाही. त्याने कुठली पँट घातली होती, हे विचारण्याचं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

शेवटी कुणीतरी वडीलधारं माणूस निकाल देऊन टाकतं, "टाळी काय एका हाताने वाजते?" आणि सगळ्यांचं समाधान होतं. मैत्रिणींनो, या म्हणीला उत्तर देण्याची वेळ आली आहे. टाळी दोन हातांनी वाजते हे खरं, पण थोबाडीत एकाच हाताने मारतात. बलात्कार ही टाळी नाही, ती मारहाण आहे. एवढा साधा फरक ज्या समाजाला कळत नाही, तो समाज चोर सोडून संन्याशाला फाशी देतो.

"लोणावळ्याला कशाला गेली होती?"

आपल्या मावळात या प्रश्नांना एक खास रंग आहे. पुण्या-मुंबईच्या तोंडी "लोणावळ्याला गेली होती" हे वाक्य मुलगीबद्दल उच्चारलं की ते अर्धं आरोपपत्र होतं. हेच वाक्य मुलाबद्दल उच्चारलं की ती सहल असते. भुशी धरणावर पावसाळ्यात भिजणारे हजारो तरुण कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत, पण त्याच पाण्यात भिजलेल्या मुलीबद्दल "मग काय होणार?" असं सहज बोललं जातं. जागा तीच, पाऊस तोच. बदनामीची पावती मात्र एकीच्याच नावाने फाडलेली.

आणि हे काही बाहेरून येणाऱ्या मुलींपुरतं नाही. मावळातल्या किती बायकांचं पोट त्या "बदनाम" जागांवर अवलंबून आहे? बंगल्यांची साफसफाई, हॉटेलातली भांडी, रिसॉर्टमधल्या चादरी, चिक्कीच्या दुकानातलं काम, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या. रात्रपाळी सुटली की कंपनीची गाडी फाट्यावर सोडते, पुढे गावापर्यंत अंधारातून चालत जायचं. एक लोकल चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर ताटकळायचं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ इथल्या वाड्यावस्त्यांवर एसटी किती वाजेपर्यंत पोचते हे ठाऊक असलेली माणसंच विचारतात, "अंधारात एकटी का गेली?" ती हौसेने गेली नव्हती, कामावरून घरी निघाली होती. तिच्या पगारावर घर चालतं हे चालतं, मग ती घरी येण्याची वाट सुरक्षित करण्याची जबाबदारी कुणाची?

वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बाईची गत आणखी वाईट. तिला "कुठे गेली होतीस" हेसुद्धा कुणी विचारत नाही. "त्यांच्यात चालतंच" अशा चार शब्दांत तिची तक्रार मातीत गाडली जाते. जिला अब्रूच नाही असं ठरवून टाकलं, तिची लुटली काय नि न लुटली काय, असा हा हिशेब. चारित्र्याचा प्रश्न विचारताना जात आणि गरिबी हातात हात घालून उभी असते, हे विसरून चालणार नाही.

मथुरेपासून स्वारगेटपर्यंत

हा हिशेब फक्त टपरीवर होत असता तर गोष्ट वेगळी होती. तो न्यायासनावरूनही झालेला आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाची एक अनाथ आदिवासी मुलगी जबाबासाठी आणली गेली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाने तक्रार केली होती, ती स्वतः कुठल्याही गुन्ह्यातली आरोपी नव्हती. जबाब संपले, बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मागे थांबवलं. दारं लावली, दिवे मालवले. एका पोलीस शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, दारू प्यायलेल्या हवालदाराने तिच्या अंगाशी चाळे केले, ही तिची तक्रार होती.

१९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. कारण काय? तिचे आधीपासून संबंध होते, तिला संभोगाची "सवय" होती, ती खोटारडी होती, प्रियकरासमोर आपण शुद्ध आहोत हे दाखवायला तिने बलात्काराची गोष्ट रचली. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी शरण जाणं आणि संमती देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं त्या न्यायालयाने म्हटलं आणि शिपायाला पाच वर्षं, हवालदाराला एक वर्ष शिक्षा दिली. पण १९७८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याची खूण नाही, आरडाओरडा केल्याचं तिचं म्हणणं बनावट, म्हणजे सगळं शांततेत पार पडलं, असा तो युक्तिवाद होता. बंद ठाणं, वर्दीतले दोन पुरुष आणि रात्रीच्या वेळी एकटी एक पोर. तिने कुणाला हाक मारायची होती? पोलिसांना?

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, पुण्याच्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून या निकालाला जाब विचारला. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या आंदोलनातून १९८३ चा कायदा आला. ठाण्यात, तुरुंगात, इस्पितळात असा ताब्यातल्या बाईवर बलात्कार झाला आणि संबंध आल्याचं सिद्ध झालं, तर "माझी संमती नव्हती" हे तिचं म्हणणं न्यायालयाने धरून चालायचं, असं त्यात आलं. मथुरेला स्वतःला न्याय मिळाला नाही. तिच्यानंतरच्या बायकांना थोडा मिळाला, तो तिच्या जिवावर.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल, तर पुढे पाहा. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने भंवरीदेवीच्या खटल्यात आरोपींना सोडताना वरच्या जातीची माणसं खालच्या जातीच्या बाईला हात कसा लावतील, असा तर्क लढवला. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या शक्ती मिलमध्ये कामासाठी गेलेल्या छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. पाचच महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या सदस्य आशा मिरगे यांनी नागपुरात जाहीर सवाल केला, ती मुलगी संध्याकाळी सहा वाजता अशा निर्जन जागी गेलीच कशाला? कपडे, वागणं आणि अयोग्य ठिकाणी असणं यांमुळेही बलात्कार होतात, असंही त्या म्हणाल्या. देशभर टीका झाली. पण महिला आयोगाच्या खुर्चीवरून टपरीवरचा प्रश्न आला होता, ही गोष्ट टीकेने पुसली जात नाही.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात गावी निघालेल्या एका तरुणीला "ताई" म्हणून बोलावून, गाडी दुसरीकडे लागलीय असं सांगून उभ्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर बलात्कार झाला, अशी तक्रार नोंदली गेली. आपल्या गृहराज्यमंत्र्यांनी दोनच दिवसांत काय सांगितलं? झटापट झाली नाही, प्रतिकार झाला नाही, म्हणून आसपासच्या लोकांना कळलं नाही, अशा अर्थाचं. टीका झाल्यावर, पोलिसांनी दिलेली माहिती सांगितली, असा खुलासा झाला. आरोपीच्या वकिलांनी संमतीचा मुद्दा काढला. देसाईगंजचं ठाणं ते स्वारगेटचं आगार, मध्ये त्रेपन्न वर्षं गेली, आणि "ओरडली का नाही" हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात आरोपीला जामीन देताना, त्या विद्यार्थिनीने स्वतःच संकट ओढवून घेतलं आणि तीच त्याला जबाबदार आहे, असं लिहिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाला त्यावर नापसंती दाखवावी लागली.

ओरडली का नाही?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. अंगणात नाग निघाला की पाय जागच्या जागी खिळतात, घशातून आवाज फुटत नाही. भीतीने शरीर दगड होतं, ते आपल्या हुकमात राहत नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या एका केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांना त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचा अनुभव आला होता. म्हणजे ओरडता न येणं हे संमतीचं लक्षण नाही, भीतीचं आहे. शिवाय प्रतिकार केला तर जीव जाईल असं ज्या क्षणी वाटतं, त्या क्षणी जी गप्प राहून जिवंत परतली तिने शहाणपणाच केला. पण आपल्याला जिवंत परतलेली बाई पटत नाही. मेली तर ती देवी आणि वाचली तर संशयित, असा आपला न्याय आहे.

२०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात हे स्पष्ट लिहिलं गेलं की शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. तिच्या पूर्वायुष्याचा, "सवयी"चा दाखला संमतीसाठी देता येत नाही. योनीत दोन बोटं घालून "सवय" तपासण्याची किळसवाणी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अवैध ठरवली आणि २०२२ साली, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, अशी तंबी दिली. कायदा मथुरेपासून इतका पुढे आला. टपरी तिथेच राहिली.

लोक असं का बोलतात?

सगळेच काही दुष्ट नसतात. मग का? याचा विचार आपण केला नाही तर नुसत्या संतापाने काही हाती लागणार नाही.

एक कारण उघड आहे. दोष तिच्यावर टाकला की कुणालाच काही करावं लागत नाही. पोलिसांना गस्त घालावी लागत नाही, ग्रामपंचायतीला दिवे लावावे लागत नाहीत, कंपनीला दारापर्यंत गाडी द्यावी लागत नाही, आणि घरात पोरगा वाढवणाऱ्यांना त्याच्याशी बोलावं लागत नाही. तिच्या कपड्यांची लांबी वाढवणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे आणि ते आपल्या बायकांनाही लागू पडतं. मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला. एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं लोकांना दाखवलं. ते थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, ते हळूहळू त्या बाईलाच कमी लेखू लागले. जग न्यायाने चालतं, वाईट त्याच्याच वाट्याला येतं जो काहीतरी चुकतो, असं मानलं की माणसाला शांत झोप लागते. "तिने असं केलं म्हणून तिच्यावर वेळ आली. मी तशी नाही, माझी मुलगी तशी नाही, म्हणजे आम्ही सुरक्षित." आपल्या आयाबाया दोष देतात तो पुष्कळदा या भीतीपोटी. दुसरीला दोष देणं हा स्वतःच्या गळ्यात घातलेला ताईत असतो.

पण हा ताईत कुणाला वाचवत नाही. सरकारी गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या दर शंभर प्रकरणांत नव्वदहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मालक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे "ओळख होती म्हणे" हा टोमणा ज्याला पुरावा वाटतो, ती बहुतेक बलात्कारांची साधी हकिगत असते. "दिवेलागणीला घरी ये" म्हणून जिला घरात आणून बसवलं, तिला धोका घरातच असू शकतो. आणि सात-आठ वर्षांच्या चिमुरडीवर अत्याचार होतो तेव्हा तिच्या कपड्यांबद्दल काय बोलणार? तेव्हाही तोंड गप्प बसत नाही. "आईचं लक्ष कुठे होतं?" असं म्हणून बोट दुसऱ्या बाईकडे वळतं. मूल लहान असो, म्हातारी असो, साडीतली असो, बुरख्यातली असो, प्रश्न फिरून बाईपाशीच येऊन थांबतो. यावरूनच कळावं की कपडे आणि वेळ ही निमित्तं आहेत, निकाल आधीच लागलेला असतो.

मग मुलींना जपायचं नाही का?

हा प्रश्न आपल्या गटांच्या बैठकींत हटकून येतो आणि तो प्रामाणिक असतो. लेकीला "सांभाळून जा" म्हणणारी आई शत्रू नाही. पण सावध करणं वेगळं आणि दोषी ठरवणं वेगळं. रात्री दाराला कडी घाल, असं आपण सांगतो. एखाद्या रात्री कडी राहिली आणि चोरी झाली, तर पोलीस चोराला सोडून घरधनिणीला धरतात का? "कडी नव्हती म्हणून मी आत शिरलो" असं सांगून चोर सुटतो का? मग "तिने तोकडे कपडे घातले होते" हे सांगून बलात्कारी का सुटावा? सल्ला हा घटनेच्या आधीचा असतो. घटनेनंतर दिलेला सल्ला हा सल्ला नसतो, तो घाव असतो.

"खोट्या केसेसही होतात" हेही ऐकावं लागतं. खोटी तक्रार कुठल्याही गुन्ह्याची होऊ शकते. खरंखोटं करायला तपास आहे, न्यायालय आहे, उलटतपासणी आहे. आरोपीलाही बाजू मांडण्याचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. आमचं मागणं एवढंच की तपास घटनेचा व्हावा, तिच्या चारित्र्याचा नव्हे. चोरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी "तू कधी दान दिलं होतंस का?" असं कुणी विचारत नाही.

या सगळ्या बोलण्याची किंमत कोण मोजतं, तेही सांगायला हवं. शक्ती मिलच्या त्याच आवारात त्याआधी तीन आठवड्यांवर, ३१ जुलै २०१३ ला, एका टेलिफोन ऑपरेटर मुलीवर सामूहिक बलात्कार झाला होता. ती तेव्हा पोलिसांकडे गेली नव्हती. दुसरी मुलगी बोलली, तेव्हा पहिलीला बोलता आलं. दोन्ही गुन्ह्यांत तिघे आरोपी तेच निघाले, दोन्हींत दोषी ठरले. बाईला तोंड उघडण्याची धास्ती वाटते, तेव्हा गुन्हेगाराला मोकळं रान मिळतं. दर वेळी आपण "ती तिथे गेलीच कशाला" म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांत अशी कुणीतरी बसलेली असते जिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. आपलं वाक्य ऐकून ती कायमची गप्प होते. काट्यावर पान पडलं काय नि पानावर काटा पडला काय, फाटतं पानच, ही म्हण आपण पोरींना पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. आता काट्याबद्दल बोलू या.

आपण काय करायचं?

पहिलं, आपल्या महिला मंडळांत, बचतगटांत हा प्रश्न उलटा करायची सवय लावू या. कुणी "ती तिथे काय करत होती" म्हणालं की लगेच विचारायचं, "तो तिथे काय करत होता?" भांडायला नको, नुसतं विचारायचं. दर वेळी, न चुकता.

दुसरं, कायदा तोंडपाठ करू या. मावळात काही ठाणी पुणे ग्रामीणकडे आहेत, वडगाव, कामशेत, लोणावळा त्यांत येतात. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. "आमची हद्द नाही" म्हणून बाईला फिरवायला ही सोयीची सबब. पण गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा, हा आता कायदा आहे. बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी होऊ शकते. तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा. सरकारी असो वा खाजगी, दवाखान्याने तिच्यावर ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मागता येतं. आणि पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही व्हॉट्सॲपवर फिरवणं हाही गुन्हा आहे. गावच्या ग्रुपवर असं काही आलं की तिथल्या तिथे हटकू या.

तिसरं, तक्रार द्यायला कुणी जाणार असेल तर तिला एकटी जाऊ देऊ नका. दोघी-तिघींनी बरोबर जा. ठाण्यात "कपडे कोणते होते" हा प्रश्न तपासणीला ते कपडे जप्त करण्यासाठी विचारला जातोय की तिला हिणवण्यासाठी, हे बरोबरच्या बाईला लगेच कळतं आणि ती हरकत घेऊ शकते.

चौथं, ग्रामसभेत मागण्या लावून धरू या. स्टेशन ते गाव या वाटेवर दिवे, रात्रपाळीच्या बायकांना घरापर्यंत गाडी, संध्याकाळच्या एसटीच्या फेऱ्या. "बाईने लवकर घरी यावं" असा ठराव करणाऱ्या गावाला सांगू या की आधी ही वाट उजेडात आणा.

आणि शेवटचं, मुलग्यांशी बोलू या. लेकीला वयात येताना आपण शंभर गोष्टी सांगतो, कसं बसायचं, कसं हसायचं, किती वाजता परतायचं. लेकाला किती सांगतो? नाही म्हणजे नाही, गप्प म्हणजे हो नाही, घाबरलेली बाई राजी नसते. ही तीन वाक्यं मावळातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक शाळेत मुलग्यांना सांगितली गेली पाहिजेत.

मथुरेला न्यायालयात उभं करून तिच्या आयुष्याची झाडाझडती घेतली गेली, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला बाहेर कुणी नव्हतं. आता आपण आहोत. यापुढे कुणी टाळीची म्हण काढली, तर त्याला सांगा, हात कुणाचा होता तेवढं बोला.